लाल ठिपक्याखालचा टाका

काकाजी, पहिलं नाव पुस्तकला काकीचं लिहिते. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमचं घर माणसांनी भरलं होतं. कोणी पाणी तापवत होतं, कोणी पांढरं कापड आणायला गेलं होतं, आणि तेवढ्यातही काकीला माझी आठवण झाली. तिनं कोणाच्या तरी हातातला मोठा फोन मागून घेतला, मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि स्वतः तुमच्या कानाजवळ धरून बसली. मला कधी तुमचं कपाळ दिसायचं, कधी वरचा पंखा, कारण काकीचा हात दमत होता. बाजूनं कोणी म्हणालं, रेंज नाही, ठेवा आता. काकी म्हणाली, "राहू दे. तिले काही सांगाचं असन."

मला सांगायचं होतंच.

मी तेव्हा होसूरला, कंपनीच्या जिन्यात उभी होते. डोक्यावर टोपी, अंगात निळा कोट. सुपरवायझरनं पाच मिनिटं दिली होती आणि अशा वेळीही माझा एक डोळा घड्याळाकडे होता, हे कबूल करते. दोन वर्षं जे वाक्य मी मनात घोळवत होते, ते लहानसंच आहे. काकीनं फोन आणखी जवळ नेला. पण मी म्हणाले, "काकाजी, मी जेवली."

कारण फोनवर तुम्ही पहिलं तेच विचारायचे. माझा आवाज आला की आधी "जेवली काय?", मग बाकीचं जग. त्या दिवशी तुम्ही विचारलं नाही, तरी मी उत्तर दिलं. आणि खरं म्हणजे मी जेवलेही नव्हते. तिथंही खोटंच बोलले.

म्हणून आता लिहिते आहे. आज सुट्टी आहे, खोलीतल्या पोरी बाजारात गेल्या आहेत. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. शाळा हिंदीतली, तीही नववीत सुटली. मराठी लिहायला-वाचायला आली ती तुमच्या दुकानात, गोंदियाहून येणारा कालचा पेपर मी मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही काम करता करता ऐकायचे तेव्हा. अडखळले की तुम्ही सर्किटच्या प्लेटवरून मान न उचलता म्हणायचे, "पुन्हा वाच, त्यानं असं लिहलं नसन."

बालाघाटच्या बसस्टँडमागच्या बोळीत तुमचं दुरुस्तीचं दुकान. मी खैरलांजीकडची, ताईकडं राहायला आलेली, काम काही नाही. जिजाजींची इमर्जन्सी लाइट घेऊन आले आणि ती दुरुस्त होईपर्यंत उभी राहिले. दुरुस्त झाल्यावरही उभीच राहिले. तुम्ही विचारलं, "काय पाहून राह्यली?" मी म्हणाले, काही नाही. तुम्ही माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणालात, "मंग नीट पाह्य."

त्या भिंगातून मी पहिल्यांदा टाका पाहिला. प्लेटच्या भोकातून आलेला पार्टचा पाय, त्याच्याभोवती वितळवून लावलेल्या रांग्याचा लहानसा चमकदार डोंगर, आणि पायाच्या बुडाशी केसाएवढी काळी रेघ, गोल. तुम्ही म्हणालात, हा ड्राय झाला. वरून धडधाकट दिसतो, पण आत पाय सुटलेला आहे. गरम झाला की जागा सोडतो, थंड झाला की पुन्हा टेकतो, म्हणून लाइट कधी लागते, कधी लागत नाही. मग तुम्ही टूथब्रशच्या दांडीनं प्लेटवर टिचकी मारली. लाइट गेली. आणखी एक मारली. आली. मी हसले. शाळेत मला एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कारण नसताना आले आणि तुम्ही कारण विचारलं नाही.

तुमचा नियम एकच होता. जुनं काढ, पाय खरड, मंग नवं भर. जुना रांगा तापवून पंपानं ओढून घ्यायचा, पाय पात्यानं घासून उजळ करायचा आणि मगच नवा टाका. ड्राय टाक्यावर वरून नुसता नवा रांगा फिरवणाऱ्यांचा तुम्हाला फार राग. "हे म्हंजे मळक्या अंगावर नवा सदरा," असं म्हणायचे. माझे टाके सुरुवातीला फार जाड यायचे, रांगा जास्त जायचा. तुमचे निमुळते, माझे पोट सुटलेले. तुम्ही गिऱ्हाइकासमोरच म्हणायचे, "हा टाका पाहा, जेवून आला दिसते." सहा महिन्यांनी पोट कमी झालं, पण गेलं नाही. तुम्ही म्हणालात, ते जाणारही नाही. हात ओळखू येतो टाक्यावरून, जसं अक्षर ओळखू येते.

आणि तो लाल ठिपका. टाका मारून, टिचकी मारून, घंटाभर चालवून झालं की तुम्ही त्याच्या बाजूला नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. प्लेट पुन्हा आलीच तर कळावं की हे आपण केलेलं आहे, आणि तपासलेलं आहे. नेलपॉलिश काकीची. काकी म्हणायची, "आमच्या बोटाले कधी लावून नाही देल्ली, आन् प्लेटले लावून राह्यले." तुम्ही लाजायचे. पण ठिपका मात्र तुम्हीच द्यायचे. मी टाके मारले तरी ठिपका तुमचा. "ठिपका म्हंजे सही," म्हणायचे. "सही माणसानं आपली आपणच करावी."

आता ते लिहिते, जे लिहायला बसले आहे.

वॉर्डाच्या विहाराचा अँप्लिफायर दर वर्षी जयंतीच्या आधी तुमच्याकडं यायचा. त्या वर्षी मोठ्या ट्रान्झिस्टरांच्या पायांचे टाके ड्राय निघाले. तुम्ही संध्याकाळी बसून बहुतेक सगळे काढून नवे मारले, ठिपके दिले. चार राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला डोळे दाखवायला गोंदियाला जायचं होतं. जाताना म्हणालात, "चार राह्यले, ते मी आल्यावर मारतो. तू हात नको लावजो."

दुपारी विहाराच्या कमिटीतला मुन्ना आला. झालं काय, झालं काय, असं त्यानं तीनदा विचारलं. मंडप लागला होता, माइक तपासायचा होता, आणि चार वाजता लाइन जाणार होती. मला वाटलं, चार टाके तर आहेत. मला येतात. तुम्ही याल आणि म्हणाल, अरे वा. तीन टाके मी नियमानं केले. चौथ्याला पंपाचं तोंड चोंदलं. साफ करायला खोलावा लागला असता, आणि मुन्ना दाराबाहेर चावी फिरवत उभा होता; त्याला वाटत होतं, मी नुसती प्लेट पुसते आहे. मी चौथ्यावर वरूनच नवा रांगा फिरवला. चमकला. छान दिसला. पोट सुटलेला, पण छान.

आणि मग मी ठिपके दिले. चारही. ठिपके नसते तर ते तुमच्या नजरेत आलं असतं, म्हणून दिले.

मुन्ना अँप्लिफायर घेऊन जायच्या आत तुम्ही आलात. डोळ्यांत औषध टाकलेलं होतं, धुरकट दिसत होतं. तुम्ही प्लेटवर वाकून ठिपके पाहिले आणि थांबलात. म्हणालात, "पमे, काल सारेच झालते काय? मले तं वाटे चार राह्यले."

मी म्हणाले, "झालते, काकाजी. तुमीच केलते."

बस. एवढंच. मारणार नव्हतात तुम्ही मला. रागावणारही नव्हतात फार. हात लावू नको म्हटलं होतं आणि लावला, सही करू नको म्हटलं होतं आणि केली, एवढ्याची मला भीती वाटली. मला भीती फार लवकर वाटते आणि मग माझ्या तोंडातून जे पहिलं निघेल ते निघतं. तुम्ही कपाळ चोळलं आणि म्हणालात, "म्हातारा झालो बाप्पा मी." मुन्ना हसला. मीही हसले.

जयंतीच्या दिवशी ऊन कडक होतं. मंडपात चौथीतली एक पोरगी भाषण द्यायला उभी राहिली. पाठ करून आली होती, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. दोन ओळी झाल्या आणि आवाज गेला. तिचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मागचे लोक ओरडले, जोरात बोल. मुन्नानं अँप्लिफायरवर थाप मारली, आवाज आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा पोरगी भाषण अर्धं सोडून आईकडं पळाली. मुन्ना तुमच्यासमोर येऊन म्हणाला, मी यंदा नवीन आणू म्हटलं होतं, तुम्ही म्हणाले मी पाहतो. आणि वळता वळता, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "हात कापून राह्यला बुढ्याचा, कोणी सांगत नाही त्याले."

तुमचा हात कापायचा, हे खरं आहे. चहाचा कप धरताना कापायचा. पण सोल्डरिंग आयर्नचं टोक टाक्याला टेकलं की हात दगडासारखा स्थिर व्हायचा, श्वाससुद्धा थांबायचा. हे फक्त मी पाहिलेलं होतं. मुन्नानं पाहिलेलं नव्हतं. त्या मंडपात तुमच्या बाजूनं बोलू शकणारी एकटी मीच होते.

तुम्ही स्टेजच्या बाजूला मांडी घालून बसलात आणि अँप्लिफायर खोललात. मी टॉर्च धरला. तुम्ही टूथब्रशची दांडी मागितली नाही, बोटानंच टिचकी मारली. स्पीकर खरखरला. तुम्ही भिंग डोळ्याला लावलं आणि त्या टाक्याकडं पाहत राहिलात. बाजूला लाल ठिपका होता. किती वेळ पाहत होता, मला सांगता येणार नाही. मग तुम्ही मान वर करून मुन्नाला म्हणालात, "माह्याच टाका आहे. माहीच चूक झाली." आणि मला म्हणालात, "टॉर्च बंद कर, पमे."

मी टॉर्च बंद केला.

डेकोरेशनवाल्याकडून दुसरा अँप्लिफायर आला, कार्यक्रम पुढं झाला. ती पोरगी पुन्हा उभी राहिली नाही.

त्या संध्याकाळी बोलायचं होतं, पण घरी पाहुणे होते. दुसऱ्या सकाळी बोलायचं होतं, पण तुम्हीच आधी बोललात. म्हणालात, "आजपासून टाके तू मारजो. मी नुस्तं पाहीन." हप्त्यानं पाहणंही बंद झालं. मी रोज ठरवायची आणि रोज एक दिवस उशीर होत जायचा, आणि उशीर जेवढा वाढला तेवढं सांगणं अवघड झालं. हे सगळं खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं असं आहे की आयर्न माझ्या हातात आलं ते मला आवडलं होतं. गिऱ्हाईक येऊन म्हणायचे, त्या पोरीला दाखवा. मला ते ऐकायला बरं वाटायचं, आणि तुम्ही मागं खुर्चीवर बसून पेपर स्वतःच वाचत असायचे, डोळ्याजवळ धरून, कारण वाचून दाखवायला मला वेळ नव्हता.

दोन महिन्यांनी तुम्ही कोणाकोणाशी बोलून होसूरची ही नोकरी लावून दिली. म्हणालात, इथं आता कोण शिकवणार तुला, मी तर सोडलं. मी रडले. तुम्हाला वाटलं घर सोडते म्हणून रडते. स्टेशनवर काकीनं भाताचा डबा आणि लाखोरीची डाळ दिली आणि तुम्ही गाडी सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन हळूच म्हणालात, "कोणी विचारलं कोणाजवळ शिकली, तं माह्यं नाव नको सांगजो. उगाच तुले कमी लेखतीन."

इथं पहिल्या दिवशी चाचणी झाली. एक प्लेट दिली, वीस खराब टाके. मी नियमानं सगळे काढून नवे मारले. तपासणारी बाई खूश झाली, विचारलं, कहाँ सीखा? काकाजी, मी म्हणाले, ऐसेही, घर पे. तुम्ही सांगितलं होतं म्हणून म्हणाले, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण तुम्ही ते का सांगितलं, हे तर मला माहीत होतं.

इथं माझं काम तेच आहे. मशीननं केलेल्या प्लेटा येतात, त्यांतले बिघडलेले टाके मी भिंगाखाली दुरुस्त करते. लोक म्हणतात पमीचा पीस परत येत नाही. मी एकेक टाका तीनदा पाहते. सुपरवायझर म्हणते, इतना डरती क्यों है? मी हसून दाखवते.

फोन तुम्ही करायचे. मी कमी करायची. तुमच्याशी बोलून झालं की फोन काकीकडं यायचा, आणि एकदा तुम्ही अंगणात गेल्यावर काकीनं सांगितलं की तुम्ही सकाळी उठल्याबरोबर पेला काठोकाठ पाण्यानं भरता आणि हात लांब करून धरून बसता. सांडते काय ते पाहता. काकी म्हणाली, "मी आता त्याइले पेला अर्धाच भरून देतो. सांडलं का दिवसभर बोलत नाहीत." त्या दिवसानंतर मी आणखी कमी फोन करू लागले. हीसुद्धा माझीच रीत. दुखतं तिथं हात लावायचा नाही.

तरी शेवटचं बोलणं चांगलं झालं, नाही? आपण भांडलो. मी म्हणाले, इथला रांगा वेगळा आहे, त्यात शिसं नसतं, त्यामुळं चांगला टाकाही फिका, खरखरीत दिसतो, चमकत नाही. तुम्ही मानायला तयारच नाही. म्हणालात, "चमकला नाही तं तो टाका कायचा? तुमच्या कंपनीत सारेच ड्राय मारून राह्यले काय?" मी म्हणाले, काकाजी, दिसण्यावर काही नसतं. वरून चमकणारा आतून सुटलेला असू शकतो, तुम्हीच शिकवलं. तुम्ही एकदम गप्प झालात. मला वाटलं, आता. आता बोलावं. तेवढ्यात तुम्ही हसलात आणि म्हणालात, "फोटो धाडजो. पाहू तं दे." मी हौ म्हणाले. फोटो काढायला इथं मोबाइल आत नेऊ देत नाहीत. कोणाला विचारता आलं असतं, विचारलं नाही. म्हणजे ते भांडणही अर्धंच राहिलं आणि तुमचंच म्हणणं बरोबर राहिलं.

आता मी रोज एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते. तुम्ही त्या दिवशी भिंगातून काय पाहिलं? ठिपका तुमच्यासारखा होता, पण टाका पोट सुटलेला होता. तुम्ही माझा टाका शंभरांत ओळखायचे. ओळखला असेल, तर माझी चूक तुम्ही भर मंडपात आपल्या अंगावर घेतली, मला तोंड लपवायला टॉर्च बंद करायला लावला, आणि मी कधी तरी येऊन बोलेन म्हणून वाट पाहिली. आणि मी आले नाही. पण ओळखला असेल तर मग सकाळी पेला भरून का धरायचे? आणि डोळे तुमचे अधू झालेच होते, ओळखला नसेल, तर माझ्या एका वाक्यानं तुमचा चांगला हात काढून घेतला. कधी वाटतं पहिलं खरं असावं, कारण त्यात तुम्हाला माझ्याबद्दल निदान माहीत तरी होतं. कधी वाटतं दुसरं असावं, कारण त्यात तुम्ही माझ्यावर रागावलेले नव्हता. दोन्हींत मी स्वतःचीच सोय पाहते आहे, हे लिहिताना कळलं.

तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी मी काकीला फोन केला. तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं. म्हणाली, "त्याइचा हात गेला ना वो पोरी, तवापासूनच खचले ते. हात गेला आन् माणूस गेला." आणि पलीकडून ती थांबली, मी काही तरी बोलावं म्हणून.

मी म्हणाले, "हौ, काकी."

मुन्नासमोर गप्प राहिले ते भीतीनं. तुमच्यासमोर गप्प राहिले ते लाजेनं. पण काकीला हौ म्हणाले ते कशानं, मला सांगता येत नाही, आणि तेच आता झोपू देत नाही. ती बाई उरलेलं आयुष्य हेच धरून बसणार आहे की तिच्या माणसाचा हात शेवटी निकामी झाला होता.

मी सुट्टीचा अर्ज दिला आहे. मिळेल की नाही माहीत नाही, नाही मिळाली तर पुन्हा देईन. फोनवर सांगणार नाही. फोनवर काकीचं तोंड दिसत नाही, ते मला सोपं जाईल. मी समोर बसून सांगणार आहे की चौथा टाका माझा होता, ठिपका मी दिला होता, आणि तुम्हीच केलते असं मीच म्हणाले होते. मग काकीला सोबत घेऊन किंवा एकटी, विहारात जाऊन मुन्नालाही सांगेन, चार लोक असताना. काकी मला पोरी म्हणते. नंतर म्हणेल की नाही, कोण जाणे. नाही म्हणाली तरी मी खोटी पडून परत येईन, आणि तुम्ही खरे राहाल.

तिनं सगळ्या घराला थांबवून मला तुमच्या कानाशी नेलं, आणि मी ती वेळ वाया घालवली. एवढं मोठं मला कोणी काही दिलं नव्हतं. ते मी एक दिवस फेडणार आहे, काकाजी. काकीला तिच्या माणसाचा चांगला हात परत नेऊन देणार आहे.